वादळचा खुराक

सकाळी सहाला आमच्या घरात पहिलं अंडं फुटतं ते बैलासाठी. मग दुसरं, तिसरं, असं करत दहा. माझे सासरे धर्माजी ती एकेक करून पितळी तांब्यातल्या दुधात फोडतात, बोटानं ढवळतात आणि तेच बोट धोतराला पुसतात. मग माझा नवरा रामदास वादळचा जबडा वर धरतो आणि सासरे बांबूच्या नळकांड्यानं ते सगळं त्याच्या घशात ओततात. अर्धं घशात जातं, अर्धं जबड्यावरून ओघळतं, पिवळं, चिकट, लाळेत मिसळलेलं. बैल आणून दोन वर्षं झाली, तरी त्या वासानं मला आजही मळमळतं. सुरुवातीला मी दोनदा मोरीकडे पळाले तर शेजारीण विचारायला आली, गोड बातमी आहे का म्हणून. म्हटलं, कसली गोड बातमी, बैलाचा नाश्ता चाललाय.

ओघळलेलं पुसायला रामदासच्या खांद्यावर पांढरा पंचा असतो. तो वादळचं तोंड पुसतो, नाकपुड्या पुसतो, डोळ्यांच्या कोपऱ्यातली घाण काढतो, आणि हे करताना तोंडानं काहीबाही लाडाचं बोलतो. आमची श्रेया नऊ वर्षांची झाली. तिचं नाक त्यानं कधी पुसल्याचं मला आठवत नाही.

आमच्या आंबेगाव-जुन्नर भागात हे नवीन नाही. शर्यतीच्या घाटात बैलगाडा पळवायचा म्हणजे बैल तसा पोसावाच लागतो, असं इथलं शेंबडं पोरही सांगेल. पण आमच्या घरात त्याचा अगदी वीट येईल इतका अतिरेक झाला होता. बेल्ह्याच्या बाजारातून वादळ आणला तेव्हा त्याला ओवाळायला मला उभं केलं. गोठ्यात त्याच्यासाठी पंखा आला, डास चावू नयेत म्हणून जाळी आली. गेल्या वर्षी त्याचा वाढदिवससुद्धा झाला. चौकात फ्लेक्स लागला, मध्ये बैल आणि भोवती गॉगल लावलेले बारा पुरुष. केक आणला, तो बैलानं मेणबत्तीसकट खाल्ला, आणि हे बाराजण टाळ्या वाजवत होते. मी दारातून बघत होते आणि मला सगळ्यांची किळस येत होती, बैल सोडून. ते बिचारं मुकं जनावर, त्याला काय कळतं.

हे मी नाक मुरडून सांगते आहे, पण माझा हात त्यात नव्हता असं नाही. वादळची झूल मी शिवत होते.

मला शिवणाची आवड लहानपणापासून. गोधड्या शिवते, पिशव्या शिवते, देवाच्या पालखीचे पडदेसुद्धा माझ्या हातचे आहेत. यंदा चैत्रातल्या यात्रेला बैलाच्या अंगावर घरची झूल पाहिजे, विकतची नको, असं सासरे म्हणाले आणि वर म्हणाले, वैजयंतीसारखा टाका तालुक्यात कुणाचा नाही. त्या घरात इतक्या वर्षांत मला कुणी असं बोललं नव्हतं. मी फुशारून गेले. लाल साटीन, आतून जुन्या लुगड्याचे दोन थर, वर हातानं धावदोरा, कडेनं आरसे, चार कोपऱ्यांना गोंडे आणि मध्यभागी जरीच्या अक्षरांत ‘वादळ’. तीन महिने मी त्यावर बसले. बैल पळताना झूल अंगावर नसते, ती फक्त मिरवणुकीपुरती, फार तर अर्धा तास. हे ठाऊक असूनही बसले.

श्रेया जवळ येऊन उभी राहायची. सुईत दोरा ओवून द्यायची, आरसे आकाराप्रमाणे वेगळे करायची. शाळेत हस्तकलेला चिंध्यांची बाहुली करायची होती, ती तिला माझ्याबरोबर बसून करायची होती. रोज विचारायची.

"यात्रा होऊ दे," मी म्हणायचे. "झूल झाली की मी रिकामीच हाय. मग बसू दोघी."

फेब्रुवारीत शाळेत तपासणीचं पथक आलं. श्रेयाच्या हातात चिठ्ठी देऊन घरी पाठवलं, की रक्त फार कमी आहे, घोडेगावच्या सरकारी दवाखान्यात दाखवा. खरं तर मला आधीच कळायला हवं होतं. पोरगी खेळताना मध्येच खाली बसायची. पापण्या आतून पांढऱ्याफटक झाल्या होत्या. पाटीवरच्या पेन्सिली खायची, गोठ्याच्या भिंतीची माती उकरून खायची. एकदा तोंडाला माती लागलेली बघून माझ्या अंगावर काटा आला आणि मी तिला थोबाडीत मारली. घाणेरडी कुठली, असं म्हणाले. अंगात रक्त नसलं की पोरं माती खातात, हे मला डॉक्टरीणबाईंनी नंतर सांगितलं.

घोडेगावला आम्ही दोघंही गेलो होतो. रामदासला पंचायत समितीत काम होतं म्हणून तो आला, नाहीतर कशाला येतोय. डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी बोट टोचून रक्त बघितलं, साडेसात निघालं. निदान साडेअकरा तरी पाहिजे होतं.

"रोज काय काय खाते ही?" त्यांनी विचारलं.

मी आठवायला लागले. सकाळी चहा-चपाती, दुपारी शाळेतली खिचडी, आणि संध्याकाळी? संध्याकाळी मी झुलीवर असते, ती आपलं आपण वाढून घेते. काय घेते, किती घेते, मला नीट सांगता येईना. तेवढ्यात रामदास बोलायला लागला.

"खायाचं काय कमी न्हाई, मॅडम. घरचं दूध हाय, अंडी हायेत, उडदाची डाळ, खारीक, बदाम, कणकेत तूप, समदं येळच्या येळी."

डॉक्टरीणबाई लिहून घेत होत्या. मध्येच त्यांचा पेन थांबला. "एवढं खाऊन मुलीच्या अंगात रक्त नाही?"

"ते बैल खातो," मी म्हणाले.

त्यांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग रामदासकडे. रामदास गालातल्या गालात हसला, जणू मी त्याचं कौतुकच केलं. लाज वाटावी इतकीही अक्कल त्याला नव्हती. बाईंनी रक्तवाढीच्या गोळ्या दिल्या, जंताची एक गोळी दिली, रोज एक अंडं, पालेभाजी, गूळ-शेंगदाणे, नाचणीची भाकरी असं कागदावर लिहून दिलं आणि महिन्यानं परत या म्हणाल्या. बाहेर आल्यावर रामदास पंचायत समितीत गेला आणि मी श्रेयाला घेऊन बाजारात गेले. तिच्यासाठी नाही. झुलीला पाव किलो आरसे कमी पडत होते.

घरी येऊन मी सासऱ्यांना सांगितलं, की उद्यापासून दहा अंड्यांतलं एक श्रेयाचं.

"घाट महिन्यावर आलाय," सासरे म्हणाले. "आता बैलाचा खुराक मोडायचा व्हय? एवढी यात्रा होऊ दे, मंग पोरीला दोन दोन खाऊ घाल."

"आबा, पोरीच्या अंगात रक्त न्हाई."

"आमच्या येळंला कोण मोजत व्हतं रक्त? भाकरी खाऊन मोठं झालोच ना आमी."

रामदास खाली बघून पायाच्या अंगठ्यानं माती उकरत होता. बापापुढं त्याचं तोंड उघडत नाही आणि मुलीसाठी तर उघडायचा प्रश्नच नव्हता. माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी म्हणाले, मग झूल शिवायची तर दुसरं कुणी बघा, मी सुई खाली ठेवली. सासरे चरफडले, पण झूल अर्ध्यावर होती. दुसऱ्या दिवशी सकाळी टोपलीत नऊ अंडी गोठ्यात गेली आणि एक माझ्या चुलीवर उकडलं. मला वाटलं, जिंकले मी.

महिनाभर हे मी न चुकता केलं. अंडं उकडायचं, सोलायचं, वाटीत घालायचं, शेजारी गोळी ठेवायची आणि श्रेयाच्या हातात वाटी देऊन सांगायचं, जा, ओट्यावर बसून खा. मग मी झुलीवर बसायचे, कारण सकाळच्या उजेडात जरीचं काम चांगलं दिसतं. थोड्या वेळानं ती रिकामी वाटी आणून मोरीत ठेवायची. मी विचारायचे, खाल्लंस? ती मान हलवायची. मला आणखी काय पाहिजे होतं?

महिन्यानं पुन्हा घोडेगावला गेलो, या वेळी मायलेकी दोघीच, एसटीनं. रक्त सव्वासात. वाढायचं सोडून कमी झालेलं.

डॉक्टरीणबाईंनी मशीन पुसून पुन्हा एकदा बघितलं. आकडा तोच आला. "गोळ्या देता ना नक्की?"

मला राग आला. म्हणाले, "एक दिवस चुकला न्हाई, मॅडम. अंडं बी रोज."

"तुमच्या डोळ्यांसमोर खाते?"

श्रेया खुर्चीच्या कडेला बसून पाय हलवत होती, तिनं पाय हलवायचे थांबवले. डॉक्टरीणबाईंनी ते बघितलं, मीही बघितलं. बाई मला दुखवायचं नाही अशा आवाजात म्हणाल्या, की अजून पंधरा दिवसांत फरक पडला नाही तर पुण्याला मोठ्या दवाखान्यात न्यावं लागेल, आणखी खाली गेलं तर रक्त चढवावं लागेल. एसटीत मी श्रेयाला काही विचारलं नाही. विचारलं असतं तर ती मान हलवून मोकळी झाली असती.

दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीसारखी वाटी तिच्या हातात दिली आणि मी झुलीपाशी गेल्यासारखं केलं. ती ओट्यावर बसली नाही. पडवीतून मागच्या दारानं गोठ्याकडे गेली. मी चपला न घालता तिच्या मागे गेले आणि गोठ्याच्या पत्र्याआड उभी राहिले.

वादळचं दूध-अंडं नुकतंच झालं होतं. सासरे तांब्या विसळत होते, रामदास खरारा करत होता. श्रेयानं वादळच्या परातीतून कणकेचा एक गोळा उचलला, बोटानं त्यात भोक पाडलं, गोळी आत घातली आणि भोक बुजवलं. बैलाला औषध देताना रामदास जसं करतो अगदी तसं. गोळा बैलाच्या तोंडाशी धरला. नंतर उकडलेलं अंडं तळहातावर ठेवलं. वादळनं खरखरीत जीभ बाहेर काढली आणि तळहातासकट चाटून अंडं आत घेतलं. तिच्या कोपरापर्यंत लाळ ओघळली. तिनं ती फ्रॉकला पुसली, आणि मग फ्रॉकच्याच कडेनं बैलाचं तोंड पुसलं.

मी पत्र्याआडून पुढे झाले, आणि तेव्हा मला दिसलं की रामदास तिच्याकडे बघून हसतो आहे.

"तुमाला म्हाईत व्हतं?" मी विचारलं.

"काय?"

"ती अंडं ह्याला घालती ते."

"रोज घालती," तो म्हणाला. त्याच्या आवाजात कौतुक होतं. "वादळला तिच्या हातचं लई आवडतं. लेकराची माया हाय, वैजू. घरातल्या जनावरावर माया पाहिजेच."

"अन् गोळी?"

"ती रक्तवाढीचीच हाय ना. बैलाला काय अपाय न्हाई तिचा. मी विचारलं व्हतं जनावराच्या डॉक्टरला."

म्हणजे या माणसानं विचारलं होतं. जनावराच्या डॉक्टरकडे जाऊन, मुलीची गोळी बैलाला बाधेल का, हे त्यानं विचारलं होतं. आणि मुलीच्या पोटात ती जात नाही, हे मला येऊन सांगावं असं महिन्याभरात एकदाही त्याच्या मनात आलं नव्हतं. मी त्याच्याबरोबर अकरा वर्षं संसार केला. भांडले, रुसले, पण त्याची अशी शिसारी मला कधी आली नव्हती. त्याच्या खांद्यावरचा तो पंचासुद्धा मला बघवेना.

कणकेच्या गोळ्यांची परात मी उचलली आणि शेणात उपडी केली. सासरे ओरडले, "डोकं फिरलं का काय हिचं. अन्न हाय ते." मी त्यांच्याकडे वळून म्हणाले, "आबा, अन्न हाय ते माझ्या पोरीचं व्हतं. तिच्या अंगात रक्त न्हाई आन् तुमी दोघं उभं राहून तिचं अन्न बैलाला चारताय. थू तुमच्या शर्यतीवर." सासऱ्यांना अशी मी या जन्मात बोलले नव्हते. ते मटकन दगडावर बसले. मी श्रेयाचं मनगट धरून तिला घरात आणलं.

तिचा हात मी साबण लावून धुतला. दोनदा धुतला, तरी वास जाईना. ती रडत नव्हती. मार बसेल म्हणून डोळे बारीक करून उभी होती.

"का गं असं केलंस?" मी विचारलं. "अंडं आवडत न्हाई का तुला?"

"आवडतं."

"मग पप्पांनी सांगितलं का घालायला?"

तिनं मान हलवली. नाही.

"मग?"

"वादळ ह्याच यात्रंत, पयल्याच बारीला जिंकला पाहिजे," ती म्हणाली.

"तुला कशाला पाहिजे तो जिंकायला?"

तिनं थोडा वेळ माझ्याकडे बघितलं. मला हे ठाऊक नाही याचं तिला नवल वाटलं असावं. मग ती सावकाश, शाळेत उत्तर देतात तसं सांगायला लागली. पप्पा म्हणाले होते, या यात्रेत वादळ जिंकला नाही तर पुढच्या यात्रेला पळवायचा. तिथंही नाही जिंकला तर त्याच्या पुढच्या. "मंग तू परत नवी झूल शिवशील," ती म्हणाली. "तो आत्ताच जिंकला तर शिवणं संपंल. मंग तू माझ्यापाशी बसशील ना."

मी मोरीच्या कडेला बसले. मघापासून मी त्या दोघांना मनातल्या मनात शिव्या घालत होते, माणसं नाहीत, जनावरं आहेत म्हणत होते. आणि इकडे माझी पोरगी, अंगात रक्त नाही, माती खाते, तरी तोंडचं अंडं काढून बैलाला घालत होती, ते माझ्यासाठी. बापासाठी नाही. बापाकडून तिला काही मिळेल ही आशाच तिनं सोडलेली होती. माझ्याकडून होती. आणि मी तीन महिने एका बैलाच्या पाठीवर टाकायच्या फडक्याला आरसे लावत होते, कारण सासऱ्यांनी मला एकदा बरं म्हटलं होतं. माझी मलाच किळस आली. ती साबणानं धुण्यासारखी नव्हती.

मी उठून दुसरं अंडं उकडायला ठेवलं. पाणी उकळेपर्यंत आम्ही दोघी चुलीपुढे बसलो. सोलून तिच्या वाटीत घातलं, वर मीठ टाकलं, गोळी आणि पाण्याचा तांब्या शेजारी ठेवला. या वेळी मी उठले नाही. तिच्यासमोर मांडी घालून बसले.

"खा," म्हणाले.

तिनं गोळी घेतली. मग अंड्याचा एक एवढासा तुकडा तोडून तोंडात घातला आणि माझ्याकडे बघितलं. मी तिथंच होते. आणखी एक तोडला, उंदरानं कुरतडावा तेवढा. तोही चघळत राहिली. बाहेरून रामदासचा आवाज आला, झुलीचा शेवटचा गोंडा कधी लावतेस म्हणून, यात्रा चार दिवसांवर आली म्हणून. श्रेयाचा हात वाटीतच थांबला. मी ओ दिली नाही.

मग तिनं पांढरा भाग संपवून पिवळा बलक बोटानं फोडला आणि एकेक कण उचलून खायला लागली.

"आवडतं म्हणालीस ना," मी म्हणाले. "मग खा की भराभर."

"खाते," ती म्हणाली. "पण संपलं की तू उठशील."